सव्वातीन किलोचा कॅमेरा आता खांद्याला झेपत नाही. रात्रीचा दशावतारी काला आणि माशेलचा चिखलकाला दोन्ही निभावेल असं हलकं काही सुचवाल का?

नमस्कार मंडळी,

मी फोंडा तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. आमच्या आसपासच्या जत्रा, शिगमा, दशावतारी काला (जत्रेतलं रात्रभर चालणारं नाटक), आषाढातला माशेलचा चिखलकाला, गणपतीत कुंभारजुव्याची सांगोड (होड्या जोडून काढलेली विसर्जनाची मिरवणूक) यांचे फोटो बरीच वर्षं काढते आहे. विकण्यासाठी नव्हे. गावात एक छोटं प्रदर्शन भरतं, तिथे बारा बाय अठरा इंचांच्या प्रती लावतो आणि नंतर ज्याचा फोटो असेल त्याच्या घरी ती प्रत पोचवतो. एका पखवाजवाल्या आजोबांच्या माघारी घरच्यांकडे त्यांचा तेवढाच एक धड फोटो होता, असंही झालेलं आहे. म्हणून दर्जाच्या बाबतीत मला फार तडजोड करवत नाही.

सध्याचं सामान असं: निकॉन डी७५०, २४-७० एफ/२.८ आणि ७०-२०० एफ/२.८ ची दुसरी आवृत्ती (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त). बॉडी बॅटरी-कार्डासकट ८४० ग्रॅम, पहिली लेन्स ९०० ग्रॅम, दुसरी १५४० ग्रॅम. म्हणजे ३२८० ग्रॅम, आणि त्यात बॅग, रेनकोट, पाण्याची बाटली धरलेली नाही. उजव्या खांद्याचं दुखणं गेल्या पावसाळ्यापासून वाढलं आहे. फिजिओथेरपी चालू आहे आणि डॉक्टरांनी गळ्यात, खांद्यावर वजन घ्यायला साफ मनाई केली आहे. त्यामुळे एक-दोन जत्रांना मी कॅमेरा न नेताच जाऊन आले. तिथे उभी राहून सगळं नुसतं बघत होते तेव्हा जीव तुटत होता.

आता अडचण सांगते, कारण 'हलका कॅमेरा' म्हटलं की मिळणारे बहुतेक सल्ले सहलीला जाणाऱ्यांसाठी असतात. दिवसाउजेडी, समुद्रकिनारी कुठलाही कॅमेरा छान फोटो देतो. माझं निम्मं काम रात्रीचं आहे. काला रंगतो तो मध्यरात्रीनंतर. मंडपात दोन-चार ट्यूबलाइट, एखादा एलईडीचा झोत, तोही एका बाजूने. काळ्या वेषातला संकासूर (दशावतारातला राक्षस) समोर आला की त्याच्या कपड्यांत काही म्हणजे काही दिसत नाही, फक्त हात आणि डोळे. फ्लॅश मी मारत नाही. नटाच्या डोळ्यांवर येतो, आणि पहाटेपर्यंत जागून बघायला बसलेल्या लोकांचा रसभंग होतो. मग एफ/२.८, सेकंदाचा दोनशेवा भाग आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४००, कधी त्याच्याही वर. डी७५० हे निमूटपणे करतो. २०१४ चं मॉडेल आहे, पण अंधारात अजून मान टाकत नाही.

दुसरं टोक चिखलकाल्याचं. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात अंगाला तेल लावलेली माणसं चिखलात उतरतात. वरून पाऊस, खालून चिखल. पोरं लोळत येतात, एकमेकांना ओढतात, उडालेला चिखल थेट लेन्सच्या काचेवर बसतो. तिथे लेन्स बदलणं अशक्य. कॅमेऱ्याला पाण्यापासून चांगलं संरक्षण हवं, आणि घरी आल्यावर ओल्या फडक्याने निर्धास्त पुसता आला पाहिजे.

'मग फोनच वापरा' असं घरातही सांगून झालं आहे. फोन माझ्याकडे चांगला आहे, आणि देवळाच्या भिंतीवरच्या कावीचे (लाल मातीच्या चित्रांचे) फोटो त्यावर उत्तम येतात, कारण भिंत हलत नाही. अंधारात फोन पाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकावर एक बसवतो. घोडेमोडणीत कंबरेला घोडा बांधून नाचणारा माणूस तेवढ्या वेळात दोन पावलं पुढे गेलेला असतो. चेहरा धुऊन निघाल्यासारखा गुळगुळीत होतो आणि तलवारीच्या जागी नुसता पांढरा फराटा उरतो.

रिको जीआर ३ हातात घेऊन पाहिला. २५७ ग्रॅम, खिशात मावतो, मन लगेच बसलं. पण २८ मिमीची एकच पक्की लेन्स आणि पाण्यापासून संरक्षण नाही, म्हणजे माझी दोन्ही मुख्य कामं बाद.

तर विचारायचं हे की पूर्ण फ्रेम (डी७५० चा मोठा सेन्सर) सोडून एपीएस-सी किंवा त्याहून लहान मायक्रो फोर थर्ड्स सेन्सरकडे गेलं तर रात्री नेमकं किती गमवावं लागतं? 'थोडा फरक पडतो' याच्या पुढचं, आकड्यांतलं उत्तर हवं आहे. की निकॉनच्याच मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर माझ्या लेन्स लावणं शहाणपणाचं? एकूण वजन दीड किलोच्या आत बसवायचं आहे. जुनं सामान विकून येईल ते धरून दीड लाखापर्यंत खर्च करता येईल, सेकंडहँड चालेल. जत्रांचा हंगाम तोंडावर आहे, म्हणून जरा घाई करते आहे.

प्रतिसाद, मडगावहून

ताई, मी लग्नांचं काम करतो, तुमच्यासारखंच सामान वाहून पाठ धरली होती. सगळ्यात आधी एक सांगतो, बॉडी बदलून वजन उतरत नाही. निकॉन झेड६ २ घेतलात तर बॅटरी-कार्डासकट ७०५ ग्रॅम. त्यावर तुमच्या लेन्स लावायला एफटीझेड २ अ‍ॅडॅप्टर लागेल, तो १२५ ग्रॅम. बेरीज ८३०. एवढे पैसे घालून तुम्ही दहा ग्रॅम कमी केलेत! वजन आहे ते त्या दोन झूममध्ये, २४४० ग्रॅम.

म्हणून माझा सल्ला असा की आत्ता नवीन काहीच घेऊ नका. डी७५० ठेवा, झूम घरी ठेवा, आणि ३५ मिमी एफ/१.८ (३०५ ग्रॅम) व ८५ मिमी एफ/१.८ (३५० ग्रॅम) कुणाकडून तरी मागून आणून एक रात्र काढा. सगळं मिळून १४९५ ग्रॅम, तुमच्या दीड किलोत बसतं. शिवाय एफ/१.८ म्हणजे एफ/२.८ पेक्षा सव्वा स्टॉपहून जास्त उजेड (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). खांद्याला तेवढं सोसलं तर प्रश्न फार स्वस्तात सुटला. नाही सोसलं तरी झूमशिवाय आपलं भागतं का, हे तरी कळेल. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढची खरेदी करू नये असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद, डिचोलीहून

मी पक्ष्यांच्या मागे असतो, पावसात म्हादईच्या रानात मायक्रो फोर थर्ड्सचा ओएम-१ वापरतो. बॉडी ५९९ ग्रॅम. १२-४० एफ/२.८ प्रो २ आणि ४०-१५० एफ/४ प्रो, दोन्ही ३८२ ग्रॅमच्या. सगळं मिळून १३६३ ग्रॅम आणि पूर्ण फ्रेमच्या हिशोबाने २४ पासून ३०० मिमीपर्यंत पल्ला. बॉडी आणि या लेन्स आयपी५३ दर्जाच्या आहेत, म्हणजे पावसाच्या सरीत भिजल्या तरी चिंता नाही. चिखलकाल्याला याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

पण कालाही तुमचा तितकाच जिव्हाळ्याचा आहे, म्हणून रात्रीचं स्पष्ट सांगतो. पूर्ण फ्रेमचं क्षेत्रफळ या सेन्सरच्या जवळजवळ चौपट. तोच एफ-आकडा आणि तोच शटर ठेवला तर दाणे (नॉइज) साधारण दोन स्टॉप जास्त दिसतात. तुमचा डी७५० आयएसओ ६४०० ला जसा दिसतो, तसा हा १६०० च्या आसपास दिसेल. यातलं स्टॅबिलायझेशन जबरदस्त आहे, पण ते आपल्या हाताची थरथर थांबवतं. नाचणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही. दाणे काढणारं सॉफ्टवेअर हल्ली खूप सुधारलंय, तरी संकासुराच्या काळ्या कपड्यातून नसलेला तपशील ते कुठून आणणार?

प्रतिसाद, म्हापशाहून

वरचा हिशोब एपीएस-सीला लावून बघा. पूर्ण फ्रेमशी तुलना केली तर तिथे नुकसान एका स्टॉपहून किंचित जास्त. आता फूजीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांच्या छोट्या एफ/२ लेन्स घ्या: २३ मिमी १८० ग्रॅम, ३५ मिमी १७० ग्रॅम, ५० मिमी २०० ग्रॅम. तिन्ही पाणी-धुळीपासून सीलबंद. तुम्ही आज एफ/२.८ वर काढता, इथे एफ/२ वर काढाल, म्हणजे एक स्टॉप उजेड परत मिळाला. सेन्सरने घेतलं ते लेन्सने भरून दिलं, जवळजवळ बरोबरी! एक्स-टी५ ५५७ ग्रॅम धरला तर तिन्ही लेन्ससकट ११०७ ग्रॅम. एक्स-टी४ सेकंडहँड बघितलात तर ६०७ ग्रॅम, पण पैसे वाचतील. बॉडी त्याचीही सीलबंद आहे.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. मिररलेसमध्ये आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर असतो. काल्यात तो वापरायचा मोह होतो, पण ट्यूबलाइट-एलईडीखाली फोटोवर आडवे पट्टे उठतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर ठेवा, आणि जमेल तिथे १/१०० वर काढा. दुसरं बॅटरीचं. डी७५० ला एका चार्जवर १२३० फोटोंचं रेटिंग आहे, एक्स-टी५ ला ५८० चं. पहाटेपर्यंतच्या खेळाला जादा बॅटरी खिशात हवीच.

प्रतिसाद, पणजीहून

सेकंडहँड लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी, आपल्या हवेत हमखास होते. स्वच्छ करून मिळते, पण कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतो. आणि तुमच्या दोन झूम विकायच्या आधी त्यांचीही अशीच तपासणी करून घ्या, नाहीतर दुकानदार तेच कारण काढून भाव पाडतो. घरी ड्राय कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. फार कोरडं करू नका, रबर आणि वंगणाला ते मानवत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकी नेमकी उत्तरं मिळतील असं वाटलं नव्हतं.

मडगावच्या दादांनी सांगितलं ते आधी केलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या मुलाकडून ३५ आणि ८५ आणल्या आणि जवळच्याच एका जत्रेला काल्यासाठी बसले. झूमविना अडलं ते थोडंच. मंडपाच्या खांबाला टेकून ८५ वर अर्धीअधिक रात्र गेली. गणपती-सरस्वतीच्या प्रवेशाला नटाच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळत होता, आणि रंगाच्या त्या ओघळाचा काठसुद्धा फोटोत स्वच्छ आला आहे. ७०-२०० ने मी इतक्या जवळून कधी काढलं नव्हतं. लांब बसून काढता येतं म्हणून मी लांबच बसत होते. आता नट एकदा बाहेर आला की विंगेजवळ माझी जागा ठरलेली राहील.

खांदा मात्र तयार नाही. दीड किलोतला निम्म्याहून जास्त भार बॉडीचाच, आणि तो डोळ्यासमोर धरून ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला हात वर जाईना. म्हणजे डी७५० सोडावाच लागणार, याबद्दल आता शंका उरली नाही.

डिचोलीच्या दादांचा ओएम-१ पावसासाठी मनात भरला होता. पण माझ्या हंगामात काल्याच्या रात्री कितीतरी, आणि चिखलकाला वर्षातून एकच दिवस. त्या एका दिवशी फूजीवर २३ मिमी चढवून, वरून पावसाचं कव्हर घालून, लेन्स न बदलता काम करीन. त्यामुळे एक्स-टी४ सेकंडहँड, आणि २३ व ५० मिमी असं ठरवते आहे. ३५ मिमी नंतर बघू. बेरीज ९८७ ग्रॅम होते. दोन्ही झूम टॉर्च मारून तपासल्या, काचा स्वच्छ आहेत.

शेवटचं एक अडलं आहे, म्हापशाच्या दादांनी किंवा ज्यांनी वापरलं असेल त्यांनी सांगावं. ५० मिमी एफ/२ च्या ऐवजी ५६ मिमी एफ/१.२ ची सीलबंद नवी आवृत्ती घेतली तर जवळजवळ दीड स्टॉप उजेड वाढतो, पण लेन्स २०० ऐवजी ४४५ ग्रॅमची होते. काल्यातला नट सतत पुढे-मागे सरकत असतो. एफ/१.२ वर फोकस त्याच्या डोळ्यावर टिकतो का, की शेवटी एफ/२ वरच यावं लागतं? तसं असेल तर जादा २४५ ग्रॅम मी उचलणार नाही.