मदत हवी आहे: फर्नांडिस स्पॅनिश की पोर्तुगीज? (तातडीचं)

तिरफळ: लोकहो, पटकन सांगा, हे आडनाव मुळात कुठलं? ऑफिसच्या अंकाचा मजकूर आज रात्री द्यायचाय. नेटवर निम्मे स्पेन म्हणतात, निम्मे पोर्तुगाल. पाल्हाळ नको.

जुनी_वही: शेवटी एस की झेड? माणूस कुठला?

तिरफळ: त्याने काय फरक पडतो?

जुनी_वही: झेड असेल तर स्पॅनिश, एस असेल तर पोर्तुगीज. अर्थ दोन्हीकडे 'फर्नांदोचा मुलगा'. आणि फर्नांदो हे नाव व्हिसिगॉथांचं, म्हणजे पूर्वी तिकडे राज्य केलेल्या जर्मानिक टोळीचं. स्पॅनिशमध्ये पुढे सुरुवातीचा 'फ' गळाला, त्यातून हर्नांडेझ आलं. तेही हेच आडनाव.

खाडीकाठचा: आमच्या वसईत गल्लोगल्ली फर्नांडिस. 1534 ते 1739 पोर्तुगीज राज्य. बाप्तिस्म्याला पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळायचं. दोन फर्नांडिस भाऊबंद असतीलच असं नाही.

बिनधास्त_बंडू: पासपोर्टवर स्पेलिंग चुकलंय का? आधी राजपत्रात नावबदल छापून घ्या. मी तेच केलं.

तिरफळ: बंडूशेठ, पासपोर्ट कुठून आला मध्येच! ऑफिसात दोघं आहेत. मनिलाची बाई झेड लावते, वसईचा पोरगा एस. दोघांचं मूळ एकच, असं छापायचंय.

जुनी_वही: हे आधी सांगायला काय झालं होतं? फिलिपिन्स स्पेनकडे होतं, म्हणून झेड. तिथे 1849 मध्ये गव्हर्नर क्लावेरियाने आडनावांची यादीच वाटली, काही गावांना तर एकाच अक्षराची पानं मिळाली. अल्बाय प्रांतातल्या ओआस गावात अजून बहुतेक आडनावं 'आर'वरून सुरू होतात. तेव्हा 'नावाचं मूळ एक' छापा, 'घराणं एक' नको.

इतिहासवेडा: 1580 ते 1640 स्पेन-पोर्तुगालचा राजा एकच होता. म्हणजे वसईचेही स्पॅनिशच.

खाडीकाठचा: राजा एक, पण कारभार वेगळा होता साहेब. गोव्याला माणसं लिस्बनहूनच यायची. उगाच झेड चिकटवू नका.

समुद्रपक्षी: तुतिकोरिनचे परवर मच्छीमार आणि श्रीलंकेतले लोक नुसतं फर्नांडो लावतात. त्यांचं काय?

इतिहासवेडा: तेही पोर्तुगीजांकडूनच. एवढं मान्य.

तिरफळ: चला, दोन ओळी झाल्या. जुनी_वही, आभार.

बिनधास्त_बंडू: वसईकर, खरी सुकेळी हल्ली कुठे मिळतात?