कायदा दिल्लीचा, फाइल जिल्ह्याची

"कायदे दिल्लीत बदलतात, जिल्ह्यातल्या बालगृहाला पत्ताही लागत नाही" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं.

दत्तकाचंच बघा ना. बाल न्याय कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. कारण काय, तर कोर्टात प्रकरणं रखडतात. पण जी आधीच कोर्टात होती त्यांचं काय? ती वर्ग करायची की नाही, यावरूनच गोंधळ. मूल घरात रांगायला लागलंय आणि आदेशाचा पत्ता नाही! शेवटी जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही प्रलंबित प्रकरणं कोर्टांनीच चालवावीत असं सांगितलं. म्हणजे पत्ता लागतो, चांगलाच लागतो. (निवडणुका, टंचाई, पंचनामे यांतून जिल्हाधिकारी दत्तकाची फाइल कधी उघडणार, हा प्रश्न मला अजूनही पडतो.)

तुमचा मुद्दा खरा ठरतो तो बाल कल्याण समितीबाबत, म्हणजे निराधार मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीबाबत. अध्यक्ष अधिक चार सदस्य, महिन्याला किमान वीस दिवस बैठक, सापडलेलं मूल चोवीस तासांत समितीपुढे. कागदावर सगळं चोख. पण मुदत संपून नव्या नेमणुका लांबल्या की कारभार शेजारच्या जिल्ह्याकडे जातो, आणि बालसंगोपन योजनेच्या महिना २२५० रुपयांसाठी नातवंडं सांभाळणारी आजी एसटीने तिकडे खेटे घालते. तिथे मात्र दिल्लीला बोल लावू नका. या नेमणुका राज्य सरकारच करतं.