चुका दिसणाऱ्यांना सिनेमा कळत नाही?

तिसरी_घंटा

काल दुसऱ्या धाग्यावर एकांनी लिहिलं, "सायफाय बघताना ज्यांचं लक्ष काच फुटली की नाही आणि कप डावीकडे की उजवीकडे यावर असतं, त्यांना सिनेमा कळतच नाही." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

'टर्मिनेटर २' (१९९१) मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. जॉन या मुलाच्या मागे लागलेल्या टी-१००० या यंत्रमानवाचा ट्रक पुलावरून कालव्यात झेप घेतो, खाली आदळतो आणि समोरच्या काचेचे दोन्ही भाग निखळतात. पुढे बघावं तर काच परत जागेवर. पहिल्या पाच-सहा वेळा मला हे दिसलंच नाही, कारण माझा जीव जॉनच्या मोटरसायकलमध्ये अडकला होता. दिसलं तेव्हा सगळा पाठलाग पाठ झाला होता. ज्याला सिनेमा कळत नाही तो इतक्या वेळा बसेल कशाला? आणि ती निखळलेली काच बघितली की मला त्या धुडाचं वजन कळतं. खरा ट्रक खऱ्या उंचीवरून पडलाय. असा शॉट पुन्हा घ्यायचा म्हणजे काय, हे समजतं.

रिकामी_खुर्ची

ते वाक्य माझं, आणि मी ते मागे घेणार नाही. तुम्ही एकटे बसून शंभरदा बघा, कुणाची ना नाही. राग आहे तो पहिल्यांदा बघणाऱ्याच्या शेजारी बसून बोट दाखवणाऱ्यांचा. मुलीला 'ज्युरासिक पार्क' (१९९३) दाखवत होतो. टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर आलेला, पोरगी उशी छातीशी घट्ट धरून बसलेली. तेवढ्यात घरी आलेल्या मित्राने रिमोट उचलून पॉज केलं. का, तर बकरी बांधली होती ती जागा रस्त्याच्या पातळीला होती, मग गाडी ढकलली जाते तेव्हा तिथे एवढी दरी कुठून आली? दहा मिनिटं त्याने हवेत नकाशे काढले. परत चालू केलं तेव्हा उशी बाजूला पडली होती. त्या रात्रीची भीती मी तिला परत कुठून आणून देऊ?

संकलक वॉल्टर मर्चने कट कुठे घ्यावा याचे सहा निकष मांडलेत. भावनेला ५१ टक्के, गोष्टीला २३, आणि त्रिमितीतल्या सलगतेला सगळ्यात शेवटी ४. जिथे ५१ टक्के भरून वाहतायत तिथे तुम्ही ४ टक्क्यांचा कीस पाडता.

स्लेट_नऊ

मर्चला अर्धवट वापरू नका. ते ४ टक्के पात्रं खोलीत कुठे आहेत, एकमेकांच्या कुठल्या बाजूला आहेत याचे आहेत. कप, जखम, घाम यांचा त्याच्याशी संबंध नाही. तुमची दरी त्यात बसते. तेवढं तुमचं बरोबर.

मी एका छोट्या सायफाय फिल्मवर कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमागून शॉट सगळं जसंच्या तसं राहतंय ना ते बघायचं काम, सांभाळली आहे. अंतराळवीराच्या डाव्या भुवईवर जखम होती. तिसऱ्या दिवशी मेकअपवाल्याने जखम लावताना माझ्याकडचे फोटो न बघता नटाने पाठवलेला सेल्फी बघितला. सेल्फी आरशासारखा उलटा! जखम गेली उजव्या भुवईवर. वर हेल्मेट, काचेवर दिव्यांची चमक, त्यामुळे मॉनिटरवर कुणालाच काही दिसलं नाही. सहा तासांचं शूट झाल्यावर हेल्मेट उतरलं आणि माझ्या पोटात गोळा आला. दिग्दर्शकाने अख्ख्या युनिटसमोर मला झापलं. त्याने आधीचे सगळे फोटो एकदाही उघडून बघितले नव्हते.

स्क्रीनिंगला एकाच माणसाने येऊन विचारलं, "जखम बाजू बदलते का हो?" मला त्याचा राग आला नाही. माझं काम नक्की काय असतं हे त्या हॉलमध्ये त्या एकट्याला माहीत होतं.

गुरुत्वहीन

भुवया आणि काचा सोडा. सायफायमध्ये 'सायन्स' आहे, तिकडच्या चुकांवर बोला. 'ग्रॅव्हिटी'मध्ये (२०१३) मंडळी हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत जेटपॅकवर निघतात. हबल तेव्हा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, स्थानक चारशेच्या. उंचीचं एकवेळ राहू द्या. एकाची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली, दुसऱ्याची ५१.६. कक्षेचा कल बदलायला जो वेग लागतो त्याचं इंधन पाठीवरच्या टाकीत मावत नाही. आणि '२००१' मध्ये (१९६८) शून्य गुरुत्वात स्ट्रॉ तोंडातून सुटल्यावर आतला द्रव खाली उतरतो, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही!

तिसरी_घंटा

स्ट्रॉबद्दल घाई करताय. बंद डब्यातून ओढून घेतलं की आतला दाब कमी होतो. ओढणं थांबलं की बाहेरची हवा द्रवाला परत आत ढकलते. त्याला गुरुत्व लागत नाही. त्याच सिनेमातलं तरंगणारं पेन हवं तर घ्या. ते फिरत्या काचेवर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेलं आहे, आणि एअर होस्टेस ते काचेवरून सोडवून घेते तो क्षण नीट बघितला तर पकडता येतो.

गुरुत्वहीन

डबा हवाबंद असेल तर, आणि तो हवाबंद आहे हे पडद्यावर कुठेही दिसत नाही. तरी दाबाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. स्ट्रॉ सोडून देतो. कक्षा सोडणार नाही.

व्हीएचएस_प्रत

तुम्ही चुकांवर भांडताय, आणि चुका तर एकेक करून पुसल्या जातायत. ती 'टर्मिनेटर २'ची काच २०१७ च्या थ्रीडी आवृत्तीत दिग्दर्शक कॅमेरॉनने दुरुस्त करून टाकली. 'ई.टी.'च्या २००२ च्या आवृत्तीत बंदुकांच्या जागी वॉकीटॉकी आले. त्याचा पुढे स्पीलबर्गलाच पश्चात्ताप झाला. आम्ही लहानपणी जे बघितलं ते आता यांच्या मर्जीवर?

'ब्लेड रनर'चं (१९८२) घ्या. पोलीस अधिकारी ब्रायंट सांगतो, सहा रेप्लिकंट (हुबेहूब माणसासारखे कृत्रिम जीव) पळाले, एक जळाला. उरले पाच, पण दिसतात चारच. पाचवी होती मेरी, ती शूटिंगआधीच गळाली आणि आकडा तसाच राहिला. त्या चुकलेल्या वजाबाकीतून पंचवीस वर्षं लोक त्यांना शोधणारा नायक डेकार्डच तो उरलेला रेप्लिकंट, असा वाद घालत होते. २००७ च्या फायनल कटमध्ये, म्हणजे दिग्दर्शकाच्या शेवटच्या आवृत्तीत, 'दोन जळाले' करून टाकलं. हिशेब जुळला, पण एवढ्या वर्षांच्या वादाखालची जमीनच काढून घेतली.

रिकामी_खुर्ची

दिग्दर्शकाने स्वतःची चूक दुरुस्त केली तर ती चोरी? कवी पुढच्या आवृत्तीत ओळ बदलतोच की. तुम्हाला सिनेमा हवाय की तुमचं बालपण?

व्हीएचएस_प्रत

कवीची पहिली आवृत्ती वाचनालयात राहते. सिनेमाची नवी आली की जुनी सहजासहजी मिळत नाही. माझ्याकडे टेप आहेत आणि प्लेअरचं हेड गेलंय, दुरुस्त करणारा सापडत नाही. बालपणाचे टोमणे मारण्याआधी हे अनुभवून बघा.

स्लेट_नऊ

फायनल कट काढलाच आहे तर पूर्ण बोला. झोरा ही रेप्लिकंट काचांमधून धावते तिथे स्टंट करणारी बाई विगसकट स्पष्ट ओळखू यायची. २००७ मध्ये झोरा झालेल्या जोआना कॅसिडीला पुन्हा बोलावून तिचा चेहरा तिथे बसवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चूक गेली म्हणून. काचा कुणी फोडल्या? अंगावर तुकडे कुणी घेतले? त्या बाईचा चेहरा तेवढ्या दोन-चार सेकंदांपुरता पडद्यावर होता, तोही 'चूक' म्हणून गेला.

तिसरी_घंटा

हे मी कधी असं बघितलंच नव्हतं. तो विग मीच अनेकांना दाखवलाय, चूक म्हणून.

गुरुत्वहीन

मग काय करायचं, खराब विग तसाच ठेवायचा? झोरा मरते त्या क्षणी मला झोरा दिसायला हवी. नाहीतर स्लेट_नऊ, तुमची उजव्या भुवईवरची जखमही राहू द्यायला हवी होती.

स्लेट_नऊ

ती राहिलीच आहे. पुन्हा शूट करायला पैसे नव्हते. आणि दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. जखम ही आमच्या हातून झालेली चूक. ती बाई चूक नव्हती, ती काम करत होती.

व्हीएचएस_प्रत

'स्टार वॉर्स'वाल्यांनी निदान एका ठिकाणी माणुसकी दाखवली. १९७७ मध्ये दारावर डोकं आपटलेला स्टॉर्मट्रूपर (पांढऱ्या चिलखतातला सैनिक) त्यांनी काढला नाही. २००४ च्या डीव्हीडीत उलट आपटल्याचा आवाज घातला, आणि त्याआधी २००२ च्या भागात जँगो फेट या पात्राचंही डोकं दारावर आपटवलं. बाकी १९९७ पासून त्या सिनेमांचं जे केलंय त्यावर मी बोलायला लागलो तर थांबणार नाही.

रिकामी_खुर्ची

नकोच बोलू. (हो, आता अरे-तुरे. तूच आवाज चढवलास.)

तिसरी_घंटा, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात मुलीने तोच 'ज्युरासिक पार्क' आपणहून लावला. रॅप्टर हा छोटा डायनासोर स्वयंपाकघरात शिरतो तिथे मागे गेली, परत मागे गेली आणि मला हाक मारली. शेपटीला मागून एक हात धरतो. मी इतक्या वर्षांत तो कधी बघितला नव्हता. "बाबा, आत माणूस आहे का?" मग तो रॅप्टर कसा हलवायचे, हे आम्ही दोघं झोपायची वेळ टळून गेली तरी शोधत बसलो.

वाक्यातलं 'कळतच नाही' मी काढतो. पॉज करणाऱ्या मित्राला मात्र माफी नाही.

तिसरी_घंटा

त्याची बाजू मीही घेत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या हातातला रिमोट घेऊ नये, हे मान्य. हात कितव्या मिनिटाला दिसतो, ते तेवढं लिहा.