टी-७२ टँक भंगारात काढा म्हणणाऱ्यांना चार शब्द

बारनळी

"चाळीस वर्षांच्या एसटीला नवं इंजिन टाकलं म्हणून तिची शिवनेरी होत नाही. टी-७२ किलोवर विका आणि त्या पैशांत ड्रोन घ्या." ही पोस्ट परवापासून चार ग्रुप फिरून माझ्यापर्यंत आली. खाली अंगठ्यांची रांग. आता लिहिणं भाग आहे.

आपल्याकडे टी-७२ आहेत सुमारे २४००. त्यांच्या जागी यायचा एफआरसीव्ही हा नवा टँक, १७७० नग, त्याला संरक्षण खात्याच्या खरेदी परिषदेची मंजुरी मिळाली सप्टेंबर २०२४ मध्ये. पहिला नग रेजिमेंटच्या आवारात कधी उतरेल यावर ज्याला पैज लावायची त्याने लावावी. आपला देशी टँक अर्जुन १९७४ ला मंजूर झाला, आणि ऑर्डरी किती? आधी १२४, मग २०२१ मध्ये ११८. तोवर सीमेवर काय उभं करायचं, पॉवरपॉइंट?

म्हणून मार्च २०२५ चा करार मला शहाणपणाचा वाटतो. रशियाशी २४.८ कोटी डॉलर, ७८० हॉर्सपॉवरच्या जागी १००० ची इंजिनं, आणि तंत्रज्ञान चेन्नईजवळच्या अवाडीच्या टँक कारखान्याला. ४१ टनांच्या गाडीला एवढी ताकद म्हणजे टनामागे २४ च्या आसपास. ६८ टनी अर्जुन १४०० हॉर्सपॉवर लावूनही तिथे पोचत नाही. शिवाय हे आपण पहिल्यांदा करत नाही आहोत. त्याआधीच्या टी-५५ टँकची मूळ तोफ काढून १०५ मिमीची बसवली होती, तेव्हा कुणाला एसटी आठवली नव्हती.

माझी तक्रार वेगळीच आहे. आधी डोळे द्यायचे होते. अंधारात उष्णतेवरून बघणारे इस्रायली थर्मल साइट घेतले ते तीनशे टँकांपुरते. बाकीचे कित्येक वर्षं रात्री तोफेशेजारचा इन्फ्रारेड सर्चलाइट लावून बघत राहिले. तो लावला की समोरच्याला आपण आधी दिसतो. क्रम चुकला म्हणा, मी ऐकून घेईन. भंगार म्हणू नका.

ड्रोनाचार्य

ती पोस्ट माझी नाही, पण शब्दन् शब्द मान्य.

साहेब, २०२० चं आर्मेनिया-अझरबैजानचं काराबाख युद्ध बघितलंत ना? आर्मेनियाचे टी-७२ बायरक्तार ड्रोनने वरून टिपले. युक्रेनमध्ये टरेट, म्हणजे तोफेचा घुमट, उडतानाचे व्हिडिओ तर शाळकरी पोरांच्या फोनमध्ये आहेत. कारण सगळ्यांना माहीत आहे. क्रूच्या बुडाखाली चक्राकार ऑटोलोडर, म्हणजे तोफेत गोळे आपोआप भरणारं यंत्र, त्यात २२ गोळे. चिलखत भेदलं की तिघांपैकी कुणी उरत नाही. १००० हॉर्सपॉवरने ते २२ गोळे कुठे जाणार आहेत? फक्त जास्त वेगाने फिरतील.

आणि रिव्हर्स? ताशी ४ किलोमीटर. माझी आजी देवळातून याहून लवकर घरी येते. युक्रेनमध्ये मागे हटता न आल्याने किती गाड्या गेल्या ते शोधा. इंजिन बदलून गिअरबॉक्स तोच ठेवणार असाल तर उजेडच आहे.

ईएमई_निवृत्त

रिव्हर्सचं बरोबर बोललास. बाकीचं यूट्यूबवरचं आहे.

इंजिन का, हे ज्याने टी-७२ चं जुनं व्ही-४६ इंजिन थंडीत चालू केलंय त्यालाच विचारावं. लडाखला हवा विरळ. जुन्या इंजिनाचा सुपरचार्जर इंजिनाच्याच ताकदीवर गिअरने फिरतो. चढाला लागलं की काळाकुट्ट धूर निघतो आणि गाडी रांगते. टी-९० या नंतरच्या टँकच्या इंजिनाला टर्बो आहे, फरक ड्रायव्हरच्या पायाला कळतो. आम्ही रात्री ठराविक वेळाने इंजिनं चालू करायचो, नाहीतर सकाळी प्रीहीटर लावून बसा.

आणि इंजिन उतरवणं म्हणजे काय ते सांगतो. जर्मन लेपर्ड टँकचं इंजिन-गिअरबॉक्स एका तुकड्यात वर येतं, तासाच्या आत. आमचं तसं नाही. डेक उघडा, रेडिएटर उचला, जोडण्या सोडा, क्रेन लावा. नवं बसवताना शाफ्टचं अलाइनमेंट जुळेपर्यंत हातमोजे काढून बोटं आत घालायची. उणे वीसला लोखंडाला कातडी चिकटते. एक वॉशर हलच्या तळाला पडला की सगळे जण आईबहीण काढत पोटावर झोपलेले. ज्याला हे इंजिन "चैन" वाटते त्याने एक हिवाळा माझ्याबरोबर काढावा.

कट्टर_अर्जुन

म्हणजे पुन्हा रशियालाच पैसे. अर्जुनाला वजनावरून पन्नास वर्षं झोडायचं आणि टी-७२ ला पन्नास वर्षं मलम लावायचं. २०१० च्या राजस्थानातल्या चाचण्यांत टी-९० समोर अर्जुन सरस ठरला ते विसरलात वाटतं.

बारनळी

अर्जुन चांगला आहे हो. पण लडाखच्या पुलांना ते सांगून बघा. नोव्हेंबर १९४८ मध्ये जनरल थिमय्यांनी झोजिला खिंडीत स्टुअर्ट टँक नेले, १९६२ ला लडाखमधल्या चुशूलला एएमएक्स-१३ टँक विमानाने उतरवले. दोन्ही हलके होते म्हणून गेले. आता त्याच कारणासाठी २५ टनी झोरावर बनतोय. टी-७२ निदान आयएल-७६ मालवाहू विमानात मावतो.

@ड्रोनाचार्य, ज्यांच्याकडे ड्रोनचे ढीग आहेत त्या रशियाने टी-६२ आणि टी-५५ गोदामातून का काढले? हौस म्हणून?

ड्रोनाचार्य

नाइलाज म्हणून. तेच तर म्हणतोय, तुम्ही नाइलाजाला धोरण म्हणताय. चेक लोकांनी टी-७२ सुधारून टी-७२ एम४ सीझेड केला. ब्रिटिश इंजिन, तोफेचा नेम धरणारी इटालियन यंत्रणा, सगळा साजशृंगार. तीनशेहून जास्त करायचे होते, ३० वर गाडं थांबलं. पैसे संपले. जून २०२४ ला लडाखमध्ये श्योक नदीत आपले पाच जवान गेले ते कुठल्या टँकमध्ये होते तेही आठवा.

ईएमई_निवृत्त

ते वाक्य मागे घे.

नदीचं पाणी रात्रीत चढलं. तिथे कुठलाही टँक असता तरी तेच झालं असतं. त्या पोरांना तुझ्या मुद्द्याचं टेकण करू नकोस. वाद घालायचा तर गोळ्यांवर घाल, चिलखतावर घाल.

ड्रोनाचार्य

ठीक. तो मुद्दा सोडला. बाकीचे उभे आहेत.

मुळाथडी

अवांतर वाटेल, पण तुमच्या सगळ्यांच्या तोफा जिथे वाजतात तिथला एक जण बोलतोय.

नगरजवळची केके रेंज, टँकांच्या गोळीबार सरावाची जागा, माहीत असेलच. खारे कर्जुने. चिलखती दलाची शाळा नगरला, म्हणून फायरिंग आमच्या उशाला. रेंज वाढवायची म्हणून नगर, पारनेर, राहुरी मिळून २३ गावांवर टांगती तलवार. या पट्ट्यातली माणसं आधी मुळा धरणाला उठली, मग कृषी विद्यापीठाला जमिनी गेल्या, आता वनकुटे, वावरथ, जांभळीवाल्यांनी तिसऱ्यांदा उठायचं. २०२० मध्ये शरद पवारांना संरक्षणमंत्र्यांकडे जावं लागलं ते यासाठीच.

आज इंजिन बदलताय, उद्या म्हणाल तोफ बदला, क्षेपणास्त्र बसवा. त्याचा पल्ला वाढला की आमच्या नकाशावरची रेघ सरकते. अपग्रेड टँकाचं, किंमत शेताची. याचा हिशेब कुठल्या कोटीत धरलाय?

कट्टर_अर्जुन

देशासाठी थोडा त्याग करावा लागतो, भाऊ.

मुळाथडी

तुमचा फ्लॅट कुठे आहे? त्यागाचा सातबारा नेहमी आमच्याच नावावर कसा निघतो?

माझा चुलतभाऊ सैन्यात आहे, देशप्रेम शिकवू नका. फायरिंगच्या दिवशी म्हैस पान्हा चोरते. धार काढायला बसलं की पहिल्या आवाजाला लाथ, दुसऱ्या आवाजाला बादली आडवी. डेअरीवाला कारण विचारत नाही, लिटर विचारतो. आणि फायरिंग संपलं की पोरं भंगार वेचायला पळतात. पितळेला भाव आहे. न फुटलेला गोळा त्यांना ओळखू येत नाही.

ड्रोनाचार्य

हे बाकी पटलं. राजस्थानात महाजन रेंज आहे, पोखरण आहे, तिकडे न्या की सगळं. नगरला हवी कशाला?

ईएमई_निवृत्त

शाळा नगरला आहे म्हणून. गनरचा प्रत्येक कोर्स मालगाडीवर चढवून बिकानेरला धाडणार का? टँक रेल्वेने हलवणं म्हणजे काय ते एकदा बघ. सिम्युलेटर आहेत, पण पहिला खरा गोळा सुटतो तेव्हा पोराचे कान, डोळे, पोट सगळं शिकतं.

पण मुळाथडी भाऊ, भंगाराचं तुम्ही खरं बोललात. आम्ही पोरांना हाकलायचो, ती ओढ्यातून परत यायची. एकाला पकडून विचारलं तर म्हणाला, वहीपेन घ्यायचंय. मी काय बोलणार?

रिसालेवाली

इतका वेळ वाचत होते. माझे वडील रिसाल्यात, म्हणजे चिलखती दलात होते, आधी विजयंता टँकवर, मग टी-७२ वर. दोन गोष्टी सांगते.

उन्हाळ्यात राजस्थानातून आले की अंगभर घामोळ्या. टी-७२ मध्ये एसी नाही, आत पन्नाशी पार. बाबा पुढे वाकून बसायचे, सवयच लागली होती. घरातल्या खुर्चीतसुद्धा. अपग्रेडच्या यादीत माणसासाठी काय आहे, हे इथे कुणी विचारलं का? इंजिन, साइट, चिलखत, सगळं गाडीसाठी.

दुसरं मुळाथडींसाठी. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. बाबा ज्या रेंजवर गोळे मारायला शिकले, तिथून आमच्या आत्याचं शेत दिसायचं. दिवाळीला ती बोलायची नाही त्यांच्याशी. तेव्हा मला राग यायचा तिचा.

कट्टर_अर्जुन

भावनिक होऊ नका हो. लेझर-गायडेड क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०२० ला त्याच केके रेंजवर झाली, अर्जुनवरून, ३ किलोमीटरवर. रेंज नसती तर कुठे केली असती?

मुळाथडी

त्याच महिन्यात आमची माणसं निवेदनं घेऊन फिरत होती. तुम्हाला चाचणीची तारीख पाठ, आम्हाला नोटिशीची.

१९३८ च्या कायद्याने फायरिंगसाठी गाव रिकामं करता येतं. इंग्रजांचा कायदा अजून धडधाकट. त्याचं अपग्रेड पॅकेज काढा एखादं.

बारनळी

हा धागा टी-७२ चा होता याची आठवण करून देतो. मुळाथडींचा प्रश्न रास्त आहे, स्वतंत्र धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

@रिसालेवाली, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. चिलखतासाठी पुण्याच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेने ईआरए विटा (गोळा आदळला की स्वतः फुटून त्याचा जोर मोडणाऱ्या) बनवल्या, त्या अजेयावर, म्हणजे आपल्या टी-७२ वर बसल्या. क्रूसाठी काही बसल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

@ड्रोनाचार्य, मग तुमचं ठरलं काय? २४०० गाड्या किलोवर?

ड्रोनाचार्य

सगळ्या नाही. हजारेक ठेवा, त्यांना थर्मल साइट आणि ड्रोन अडवायला वर जाळी आधी, इंजिन नंतर. बाकीच्यांचे टरेट उतरवा. इस्रायलने पकडलेल्या टी-५५ चे आखझारित केले, जाड चिलखताच्या सैनिकवाहू गाड्या. आपल्याकडेही टी-७२ च्या सांगाड्यावर पूल टाकणारी गाडी आहेच. गोळे निघाले की गाडी वाईट नाही, हे मी कधी नाकारलं?

ईएमई_निवृत्त

आधी किलोवर, आता वाईट नाही. तीन दिवसांत बरीच प्रगती.

पण टरेट उतरवलेल्या गाडीलाही लडाखचा चढ आहेच. म्हणजे इंजिन लागणारच ना?

ड्रोनाचार्य

लागेल. घ्या, लिहून दिलं. रिव्हर्स गिअरसकट लावा.

मुळाथडी

वेगळा धागा काढलाय. बारनळींचा पहिला प्रतिसाद अजून आलेला नाही.

कट्टर_अर्जुन

अर्जुनाचा रिव्हर्स कुणी मोजलाय का?