एकाच वर्गसमीकरणाचे दोन आलेख कसे निघतात?

प्रश्न: एक पालक, जिंतूर (जि. परभणी)

माझी मुलगी अकरावीला आहे. क्ष² − ६क्ष + ५ = ० हे समीकरण तिने सूत्राने सोडवले, तेव्हा १ आणि ५ ही मुळे आली आणि आलेख वर उघडणारा अन्वस्त, म्हणजेच पॅराबोला, मिळाला. तिच्या मैत्रिणीने सर्व चिन्हे बदलून −क्ष² + ६क्ष − ५ = ० असे लिहिले. मुळे तीच आली, पण अन्वस्त खाली उघडणारा निघाला. दोन्ही बाजूंना उणे एकने गुणल्याने समीकरण बदलत नाही, असे आपण मुलांना शिकवतो. मग आलेख का बदलावा, आणि त्यांपैकी बरोबर कोणता? शिकवणीत ‘क्ष² चा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) धन तर वर, ऋण तर खाली’ एवढेच पाठ करून घेतले आहे. त्याने गुण मिळतील, परंतु तिचे समाधान होत नाही आणि मलाही उत्तर देता येत नाही.

उत्तर: निवृत्त गणित शिक्षक, अंबाजोगाई

दोन्ही आलेख बरोबर आहेत. गोंधळ आहे तो ‘समीकरणाचा आलेख’ या बोलण्याच्या सवयीत. आपण वहीत जो अन्वस्त काढतो तो य = क्ष² − ६क्ष + ५ या राशीचा असतो. क्ष² − ६क्ष + ५ = ० हे समीकरण त्या अन्वस्ताला फक्त एक प्रश्न विचारते, की तुझी उंची कोणत्या ठिकाणी शून्य होते? उणे एकने गुणल्यावर वक्रावरील प्रत्येक बिंदूची उंची उलट होते, म्हणून (३, −४) हा सर्वांत खालचा बिंदू (३, ४) येथे जाऊन सर्वांत वरचा होतो. परंतु ज्या बिंदूंची उंची मुळातच शून्य आहे, ते क्ष-अक्षावरील १ आणि ५ जागचे हलत नाहीत. दोनने किंवा दहाने गुणले तरी हेच घडते, अन्वस्त तेवढा अधिक अरुंद दिसतो.

सूत्राकडेही याच नजरेने पाहावे. अ·क्ष² + ब·क्ष + क = ० या समीकरणाच्या सूत्राचे दोन तुकडे करा: −ब/२अ आणि √(ब² − ४अक)/२अ. पहिला तुकडा सममिती अक्षाची, म्हणजे अन्वस्ताचे दोन सारखे भाग करणाऱ्या उभ्या रेषेची, जागा सांगतो आणि दुसरा त्या अक्षापासून मुळे दोन्ही बाजूंना किती अंतरावर आहेत ते सांगतो. येथे पहिला ३ आहे आणि दुसरा √(३६ − २०)/२ म्हणजे २, म्हणून ३ − २ आणि ३ + २. ज्या विद्यार्थ्याला हे एकदा दिसले त्याला अधिक-उणे चिन्ह घोकावे लागत नाही.

आलेख काढताना मुले सवयीने क्षच्या किमती −२ पासून २ पर्यंत घेतात, आणि येथे तसे केल्यास अन्वस्ताची केवळ उतरती डावी बाजू कागदावर येते. प्रथम सममिती अक्ष काढून त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या किमती घ्याव्यात. निम्मी आकडेमोड वाचते.

प्रश्नकर्ते पालक

गुरुजी, मनःपूर्वक आभार. तिने लगेच पुढचा प्रश्न काढला: विवेचक, म्हणजे ब² − ४अक, ऋण आला तर ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून पुढे जायचे, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ काय होतो?

उत्तर: कृषी अभियंता, लातूर

ताईंना हे उदाहरण द्यावे. शेळ्यांसाठी दगडी बांधाला लागून आयताकृती आवार करायचे आहे. तार ४० मीटर आहे आणि ती तीनच बाजूंना लागते. बांधाला काटकोनात येणारी बाजू क्ष धरली तर क्षेत्रफळ क्ष(४० − २क्ष) होते, आणि त्याचा आलेख खाली उघडणारा अन्वस्त येतो. १५० चौरस मीटर हवे असतील तर क्ष² − २०क्ष + ७५ = ०, म्हणजे क्ष ५ किंवा १५, आणि दोन्ही प्रकारे आवार बांधता येते. शिरोबिंदू, म्हणजे अन्वस्ताचा माथा, क्ष = १० ला असून तेथे २०० चौरस मीटर मिळतात. आता कोणी २५० मागितले तर क्ष² − २०क्ष + १२५ = ० येते आणि विवेचक ४०० − ५०० म्हणजे −१००. मागणी अन्वस्ताच्या माथ्याच्याही वर गेली आहे; तेवढ्या तारेत ते क्षेत्र बसतच नाही.

उत्तर: पदव्युत्तर विद्यार्थिनी, नांदेड

सरांचे उदाहरण नेमके आहे, परंतु त्यावरून विवेचक धन असला की दोन्ही उत्तरे चालतात, असा समज होऊ नये. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ ग्रंथात वानरांचे एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली आणि एकच बाहेर दिसते, तर कळप किती? समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते आणि मुळे ५० व ५ येतात. अन्वस्त दोन्ही ठिकाणी अक्षाला निःसंशय छेदतो. तरीही ५ घेतल्यास पाचवा भाग १, त्यातून ३ वजा केल्यास −२ वानरे उरतात. वर्ग केल्यावर ते उणे चिन्ह झाकले जाते आणि समीकरण विनातक्रार जुळते, म्हणून भास्कराचार्यांनी ते उत्तर नाकारले आणि ऋण संख्येतील वस्तूवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे कारण दिले. आलेख पाहून हे कळण्याचा मार्ग नाही. प्रत्येक मूळ मूळच्या शाब्दिक उदाहरणात घालूनच पडताळावे लागते.