विषय: पुण्याचा वॉरगेम क्लब पुन्हा भरतोय, खडकीसाठी सेनापती हवेत

प्रेषक: अण्णा, कोथरूड

मंडळी, सप्रेम नमस्कार.

इंग्लंडहून पुण्याला परत येऊन तीन वर्षं झाली, तरी तिकडच्या मंडळाच्या मेल-यादीत माझं नाव ठेवलंत, बरं वाटलं. आज एक काम घेऊन लिहितोय.

इंग्लंडला जाण्याआधी सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर आमचा वॉरगेमचा क्लब भरायचा. रविवारी दुपारी चारला. टेबलावर हिरवं कापड, टेकड्या म्हणून कापडाखाली पुस्तकं, बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक, इंची टेप आणि फासे. मी गेल्यावरही तो वीसेक वर्षं चालला. मग वाडा पडला, तिथे इमारत झाली. काही जण मुलांकडे परदेशी गेले, दोघं देवाघरी गेले. क्लब बंद झाला असं कुणी कधी म्हटलं नाही, रविवारी जाणंच थांबलं.

गेल्या महिन्यात त्या दोघांपैकी एकाच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबांची ट्रंक घेऊन जाता का? घराला रंग काढायचाय." ट्रंकेत लाकडी खोकी, खोक्यात वर्तमानपत्राचे पुडे, आणि प्रत्येक पुड्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं: 'गारदी, 24', 'हुजुरात, 36', म्हणजे पेशव्यांचे पायदळी शिपाई आणि खासे स्वार. एक गारदी उचलला तर त्याच्या पायावर पिठासारखी पांढरी पूड होती. चिमटीत धरला आणि तो घोट्यातून मोडला. मी तिथेच जमिनीवर बसलो. घरी परत येताना ठरवलं, हे पुन्हा टेबलावर मांडायचं.

हा खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी: दिवाळीत आपण किल्ला करायचो, अळीव पेरायचो, कुंभारवाड्यातून मावळे आणून बुरजांवर उभे करायचो. त्या मावळ्यांना खरोखर लढवायचं तर नियम लागतात. घोडदळ एका चालीत किती सरकेल, चिखलात किती, तोफेचा पल्ला कुठवर, बगलेवर हल्ला आला तर पलटण टिकेल की फुटेल. एवढाच हा खेळ, आणि त्यात आयुष्य जातं.

आता बैठक आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. टेबल टेनिसचं टेबल मिळालंय, नऊ फूट बाय पाच फूट. आम्ही दोघं जुने आणि कॉलेजची तीन मुलं. मुलं वॉरहॅमर, म्हणजे कल्पित जगातल्या लढायांचा असाच एक खेळ, खेळतात, एकाकडे थ्रीडी प्रिंटर आहे. पाच जणांवर मोठी लढाई होत नाही. म्हणून तुम्हाला हाक मारतोय.

लढाई खडकीची, पेशवे आणि इंग्रज यांच्यातली, 5 नोव्हेंबर 1817. टेबल पुण्यात, सेनापती तुमच्यापैकी, आणि हुकूम मेलनं. कोण येतंय?

अण्णा

---

प्रेषक: ताई, लेस्टर

अण्णा, आधी त्या ट्रंकेबद्दल. पांढरी पूड हातानं झाडू नका! ते कुजलेलं शिसं आहे, विषारी असतं. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते आणि बंद खोक्यात ती शिसं खात बसते. हातमोजे आणि मास्क घाला, ओल्या कापडानं पुसा, ते कापड टाकून द्या, नातवंडांना जवळ येऊ देऊ नका. जे शाबूत आहेत त्यांना अॅक्रिलिकचा रंग देऊन प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. ती लाकडी खोकी आठवण म्हणून ठेवायची तर रिकामी ठेवा.

माझा मुलगा या खेळात आहे, त्याच्यामुळे मी एप्रिलमध्ये लंडनला 'सॅल्यूट'ला, वॉरगेमच्या मोठ्या प्रदर्शनाला जाते. एक्सेल प्रदर्शन केंद्राच्या त्या अवाढव्य हॉलमध्ये टेबलांच्या रांगा लागलेल्या असतात. अनोळखी माणूससुद्धा आपली लढाई अर्धा तास समजावून सांगतो. पंधरा मिलिमीटरचं घोडदळ तिथून घेते आणि येताना आणते. स्प्रेचा डबा मात्र मागू नका, विमानात चालत नाही.

एक शंका आहे. खडकीला पेशव्यांचं घोडदळ दलदलीत अडकलं हे यादीवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मग त्या दलदलीत घोडा घालणार कोण?

---

प्रेषक: काका, रेडिंग

अण्णा, रागावू नका. माझे वडील पायदळात होते. ते लढाईविषयी घरात एक शब्द बोलायचे नाहीत. माणसं मेली त्या गोष्टीचा खेळ करावा का, हे मला खरंच कळत नाही. आणि आपल्या माणसानं इंग्रजांची बाजू घेऊन पेशव्यांना हरवायचं, हे कुणाला रुचेल?

---

प्रेषक: अण्णा, कोथरूड

ताई, पूड पुसली, मोजे घालूनच. साठातले एकेचाळीस वाचले. घोडदळाची वाट बघतो. तोवर कमी पडेल ते पोरं प्रिंटरवर काढतील.

काका, रागावलो नाही. तुमच्या वडिलांसारखेच दोघं आमच्या क्लबात होते, आणि टेबलावर आरडाओरडा झालेला त्यांना खपायचा नाही. आम्ही एक बाहुली म्हणजे शंभर माणसं धरतो. खडकीला इंग्रजांकडे साधारण 2,800 माणसं होती, म्हणजे अठ्ठावीस बाहुल्या. पेशव्यांचे घोडेस्वार 18,000 आणि पायदळ 8,000 असा आकडा सहसा देतात, म्हणजे दोनशे साठ. टेबलाच्या एका कडेला ही गर्दी आणि समोर ती विरळ रांग मांडली, की हरलो कसे हा प्रश्न अंगावर येतो. पेशव्यांची सुमारे पाचशे माणसं पडली, इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून 86. म्हणजे आपल्या पाच बाहुल्या उचलायच्या, त्यांची एकही पुरती उचलायची नाही. ते करताना माझा हात थांबतो. थांबायलाच हवा. इंग्रजांची बाजू चिठ्ठी टाकून ठरेल. ती खेळल्याशिवाय त्यांचा सेनापती कर्नल बर एवढ्या थोड्या माणसांनिशी छावणीत न थांबता पुढे का सरकला हे कळत नाही.

ताईंची शंका नेमकी आहे, तिच्यावर मी आठवडाभर डोकं घातलं. खेळ जुन्या प्रशियन पद्धतीनं होईल. राइसविट्झ नावाच्या तोफखान्यातल्या लेफ्टनंटनं 1824 मध्ये नियम छापले. नकाशा 1:8000, एक चाल म्हणजे दोन मिनिटं. खेळाडूंना संपूर्ण मैदान दिसत नाही. ते पंचाला लेखी हुकूम देतात आणि पंच त्यांना त्यांच्या जागेवरून दिसेल तेवढंच कळवतो. पंच मी. नकाशावर दलदलीच्या सहा जागा आखल्यात. फासा मी एकटा टाकणार आणि आकडा पाकिटात बंद करणार. दलदल आहे हे सगळ्यांना माहीत, कुठे आहे ते कुणालाच नाही. दापोडीहून इंग्रजांच्या मदतीला फोर्डची पलटण केव्हा पोचते, तेही फाशावर.

जो पेशवा, म्हणजे दुसरा बाजीराव, होईल तो पर्वतीवर. त्याला मी धूळ आणि तोफांचा आवाज एवढंच कळवीन. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांना मैदान दिसेल, पण त्यांचा हुकूम टोकाच्या पथकापर्यंत पोचायला स्वार धावणार, त्याला वेळ लागणार. मेलला उत्तर द्यायला तुम्हाला लागतो तेवढा उशीर यात आपसूक बसतो, म्हणून तर ही यादी मला या खेळासाठी इतकी योग्य वाटते.

मैदान मी पायी फिरून आलो. गणेशखिंडीपासून विद्यापीठाच्या आवारातून खडकीकडे. रस्ते, रेल्वे, क्वार्टर्स सगळं झालंय, पण उतार अजून पायाला लागतो. फोटो वेगळ्या मेलनं पाठवतो.

बैठक रविवारी संध्याकाळी पाचला, तुमच्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेअकरा. मधल्या आठवड्यात कुणाला लहान डाव खेळायचा असेल तर व्हॅसल नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. फुकट आहे. आपली चाल करायची आणि फाइल मेलनं समोरच्याला पाठवायची. आमच्यातला जो दुसरा जुना आहे, तो गुडघ्यामुळे फारसा घराबाहेर पडत नाही. गेल्या महिन्यापासून तो असाच एका फ्रेंच माणसाशी वॉटर्लू खेळतोय. रोज सकाळी मला फोन करून चाल सांगतो.

---

प्रेषक: काका, रेडिंग

चिठ्ठी टाकू नका. कर्नल बर मी होतो.

---

प्रेषक: धाकटी, डब्लिन

अण्णाकाका, मी आजवर असलं काही खेळले नाही, पण आजोळ कसब्यात आणि दर दिवाळीला किल्ला मामाच्या अंगणात, त्यामुळे राहवलं नाही. गोखल्यांची जागा रिकामी असेल तर मला द्या. पहिला हुकूम सोबत देते:

"घोडदळानं जागा सोडू नये. डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूनं प्रत्येकी दोन स्वार पुढे पाठवावेत. त्यांनी इंग्रजांच्या रांगेपर्यंतची जमीन बघून यावं. ते परतेपर्यंत कुणी घोडा उधळू नये."

---

प्रेषक: अण्णा, कोथरूड

हुकूम पोचला. सहा स्वार निघाले. पाच परत आले.