ब्रिजचा हमबकर बदलला, आता आवाज पातळ आणि हम जास्त, पण मीटर तर बरोबर दाखवतोय

कळवा_सहातार:
गेले तीन रविवार ह्यातच गेलेत, आता डोकं चालेना म्हणून इथे विचारतोय. इलेक्ट्रिक गिटार, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी (स्ट्रॅट टाइप), एचएसएस, म्हणजे तारांचा आवाज उचलणारे तीन पिकअप, ब्रिजला (तारा बांधतात त्या टोकाला) हमबकर, म्हणजे हम कटावा म्हणून दोन कॉइलचा, मध्ये आणि नेकला (दांड्याकडे) सिंगल कॉइल. ब्रिजचा मूळ पिकअप काढून डिमार्झिओ कंपनीचा जुना घेतलेला टाकला, चार रंगीत वायरी आणि एक उघडी असलेला. नेटवर हमबकरची एक आकृती मिळाली तिच्याप्रमाणे मीच जोडला, काळी स्विचला, लाल-पांढरी एकमेकांना जोडून वर टेप, हिरवी आणि उघडी व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर. आता स्विच ब्रिजवर टाकला की आवाज एकदम पातळ, खालचे स्वर गायबच, आणि हमबकर असून घूंऽऽ (हम) सिंगल कॉइलपेक्षा कमी नाही. केबलच्या टोकाला मीटर लावला तर ८ के ओहमच्या जरा खाली येतं, म्हणजे कॉइल तुटलेली नाही ना? नेक आणि मधला एकेकटे ठीक वाजतात.
दुसरं म्हणजे तारांना हात लावला की घूं कमी होते, हात काढला की परत येते. जिथे प्रॅक्टिसला जातो तिथे एकजण म्हणाला की हा अर्थिंगचाच लोचा, अँपच्या प्लगची वरची जाडी पिन काढून टाक. काढू का?

ऐरोली_बेस:
नको, प्लीज ती पिन काढू नकोस, बाकी सगळं नंतर. तुझ्या तारा ब्रिजमधून, जॅकमधून, केबलच्या जाळीतून थेट अँपच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या आहेत. उद्या अँपमध्ये काही शॉर्ट होऊन चासीवर २३० व्होल्ट आले आणि अर्थ नसेल तर ते सरळ तुझ्या बोटांत येणार, आणि तू गात असशील तर ओठ माईकला लागलेले असतात, तो माईक दुसरीकडून ग्राउंडला गेलेला असतो, म्हणजे करंट छातीतून जाणार. पिन काढल्यावर कधीकधी हम कमी होतो हे खरंय, दोन ठिकाणाहून अर्थ मिळून लूप झालेला असतो तो तुटतो म्हणून, पण त्यासाठी जिवाशी खेळ नको. त्यापेक्षा वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. जुन्या बिल्डिंगांमध्ये पुष्कळदा तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते.
तारांना हात लावल्यावर हम कमी होणं हा बिघाड नाहीये रे. घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झ तुझं अंगच पकडतं आणि गिटारच्या अगदी जवळ आणून ठेवतं, तारेला हात लागला की अंग ग्राउंड होतं आणि उलट आडोशाचं काम करतं. म्हणजे गिटारच्या मागे ब्रिजच्या स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पट्टीला (क्लॉला) जी वायर जाते ती शाबूत आहे. हात लावून हम वाढला असता तर जॅकवर दोन वायरी उलट आहेत समज. आणि तारांना लावून काहीच फरक नाही पण जॅकच्या धातूला लावून पडतोय, तर ती क्लॉची वायर तुटलीय.

नेरुळ_जुनीतार:
ऐरोलीकरांशी शंभर टक्के सहमत. आता पातळ आवाजाचं बघू. मित्रा, तू वापरलीस ती आकृती सीमोर डंकन ह्या दुसऱ्या कंपनीची आहे. डंकनमध्ये काळी हॉट (सिग्नलची), लाल-पांढरी जोडायची, हिरवी ग्राउंड. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी जोडायची, हिरवी ग्राउंड. रंग तेच आहेत म्हणून फसायला होतं. डिमार्झिओत लाल आणि काळी ही एकाच कॉइलची दोन टोकं, हिरवी-पांढरी दुसरीची. तू जोडलंस त्यात एक कॉइल सुलटी राहिली आणि एक उलटी झाली, त्यामुळे तारांचा सिग्नल एकमेकांना खातोय, आणि जो हम कटायला हवा तो मात्र बेरीज होऊन येतोय.
आणि मीटर हे दाखवणार नाही, कारण कॉइल कशीही फिरवली तरी रेझिस्टन्स तेवढाच. ह्याच्यासाठी जुना काट्याचा मीटर असेल तर काढ. सगळ्यात लहान डीसी व्होल्टच्या रेंजवर ठेव, केबलच्या टोकाला लाल प्रोब, बाहेरच्या धातूला काळा, व्हॉल्यूम फुल, स्विच ब्रिजवर. एका कॉइलच्या पोलवर (वर दिसणाऱ्या लोखंडी टोकावर) स्क्रूड्रायव्हर टेकव आणि झटक्यात उचल, काटा कुठे उडतो बघ. मग दुसऱ्या कॉइलवर तसंच. दोन्हींना एकाच बाजूला उडायला हवा, तुझा विरुद्ध उडणार बघ. डिजिटलवर प्लस-मायनस दिसतं पण पटकन निसटतं. हे काहीही न उघडता होतं, म्हणून मी सोल्डरिंग गरम करायच्या आधी नेहमी हेच करतो.

कळवा_सहातार:
दादा, ऑफिसमधल्या एका काकांकडे काट्याचा मीटर निघाला. एका कॉइलला काटा उजवीकडे, दुसरीला डावीकडे, अगदी तुम्ही म्हणालात तसं!! रात्री बसून बदललं, लाल स्विचला, काळी-पांढरी जोडली. ब्रिज एकदम भरला, घूं जवळजवळ गेली, घरच्यांना झोपेतून उठवून ऐकवलं. पण आता स्विचच्या दुसऱ्या जागी, ब्रिज आणि मधला एकत्र, तिथे आवाज नाकातून आल्यासारखा आणि लहान होतो.

नेरुळ_जुनीतार:
अरे वा, अर्धं काम झालं. आता अख्खा हमबकर मधल्याच्या उलट फेजमध्ये आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खातायत, दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र आले की हे होतं. परत काट्यानेच बघ, एकदा ब्रिज, एकदा मधला. विरुद्ध उडाला तर लाल आणि हिरवी अदलाबदल कर, हिरवी स्विचला, लाल पॉटच्या पाठीवर. उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू दे, ती शील्ड आहे, तिला हात लावायचा नाही. मधला फिरवत बसू नकोस, तो फिरवलास तर नेकबरोबर चौथ्या जागी तेच दुखणं सुरू होईल. आणि ह्या दोन एकत्र जागांमुळेच लोक स्ट्रॅट घेतात म्हणून त्या नीट करून घे. १९५४ च्या मूळ स्ट्रॅटला तीनच जागांचा स्विच होता, वाजवणारे तो मध्येच अडकवून हा आवाज काढायचे, पाच जागांचा स्विच कंपनीने १९७७ ला दिला.
पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना आधी ती जागा पॉलिश पेपरने खरवडून घे, २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री पाठ तापवत बसते आणि आतला ट्रॅक भाजतो, ६० वॉटची पटकन पकडते. सोल्डर चमकदार पसरला पाहिजे, राखाडी गोळी होऊन बसला तर तो ड्राय, आज चालेल, पावसाळ्यात करकरेल.

कळवा_सहातार:
लाल-हिरवी बदलली, दुसरी जागा आता खणखणीत. मग शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन तांब्याची टेप आणली आणि शील्ड म्हणून गिटारच्या आतली पोकळी मढवली. आता नवीनच, पिकगार्ड (पिकअप बसवलेलं पुढचं झाकण) उचलून धरलं की वाजतं आणि स्क्रू आवळले की आवाज पूर्ण बंद.

ऐरोली_बेस:
टेप ग्राउंडला आहे आणि हॉटचा एखादा पाय तिला टेकतोय. बहुतेक स्विचचा खालचा पाय, नाहीतर जॅकची टीप. त्या जागी टेपवर इन्सुलेशन टेपचे दोन थर मार.

कळवा_सहातार:
स्विचचाच पाय होता, टेपवर त्याचा बारीक ओरखडा दिसतोय. वाजतंय आता पाचही जागी. वायरमन उद्या सकाळी येतोय सॉकेट बघायला.